पहिला घोट कोणाचा

“मग पीत का नाहीत ते?”

हेरंबनं परत तेच विचारलं.

म्झे चिलोंगानी गोरखचिंचेच्या सावलीत लाकडाचा ओंडका पोखरत बसले होते. असा पोकळ ओंडका झाडाला टांगला की मधमाश्या त्यात पोळं करतात, अशी तिकडची पद्धत. त्यांनी पटाशीनं एक ढलपी काढली, फुंकून उडवली, आणि ओंडक्याला डोळा लावून आत बघितलं.

“म्झे, मी तुम्हाला विचारतोय.”

“ऐकलं.”

“मग?”

“मधमाशीला मीपण हेच विचारतो. एवढं घर करून देतो, आतून मेण चोपडतो, आणि ती बया जाऊन राहते शेजारच्या ढोलीत.”

“मग ती काय सांगते?”

“ती कशाला काय सांगेल...”

हेरंबनं कपाळाला हात लावला.

हा हेरंब पोतनीस कऱ्हाडचा. शिकून इंजिनिअर झालेला, हुशार, मनानं चांगला, आणि आपण हुशार आहोत हे क्षणभरही न विसरणारा. टांझानियाच्या मधल्या कोरड्या मुलखात गावोगावी विहिरी करून देणाऱ्या एका संस्थेतर्फे तो म्बुयुनीला आला होता. म्बुयुनी म्हणजे गोरखचिंचेचं गाव. झाड गावाच्या मधोमध होतं आणि म्झे बहुतेक त्या झाडाखालीच असायचे.

म्झे हे काही त्यांचं नाव नव्हे. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला म्झे म्हणतात, आपण आजोबा म्हणतो तसं. आणि बाईमाणसाला मान द्यायचा तर म्हणायचं ‘मामा’. सुबिरासारख्या धिप्पाड आजीला ‘मामा’ अशी हाक मारताना हेरंबला सुरुवातीला हसू आवरायचं नाही. तिला वाटायचं, पोरगा मोठा हसतमुख आहे.

तिकडची भाषा तो म्झेंकडूनच शिकला. रोज काम आटोपलं की यायचा, मातीत बसायचा, हे काय म्हणतात, ते काय म्हणतात विचारायचा. त्या अर्थी म्झे त्याचे गुरू. पण हेरंबच्या हिशेबी गुरुदक्षिणा केव्हाच देऊन झाली होती. विहीर दिली की गावाला, आता आणखी काय द्यायचं?

आणि विहीर होतीच देखणी. खाली काळा कातळ लागला तेव्हा मशिनवाल्यांनी हात टेकले होते. हेरंब अडून बसला. कातळ फुटला, खालून गार, नितळ पाणी वर आलं. शहरातल्या प्रयोगशाळेनं तपासून उत्तम म्हणून कळवलं. मग सिमेंटचा ओटा झाला, वर निळा हापसा बसला. ओटा ओला असतानाच हेरंबनं इकडेतिकडे बघून, काडीनं, देवनागरीत, आपलं नाव कोरून घेतलं. तिथे ते कुणाला वाचता येणार होतं! पण माणसाला वाटतं.

गावातलं जो तो म्हणायचा, “तुझी विहीर छान आहे, इंजिनिया.”

ऐकून हेरंबची छाती फुगायची.

आणि तेवढं बोलून बाया कॅन डोक्यावर घेऊन हापशाच्या शेजारून पुढे जायच्या. पार टेकडीखालच्या डबक्यावर, जिथे गुरं उतरतात, त्यातलं गढूळ पाणी भरून आणायला. हापशाच्या पाण्यानं भिंतींना गिलावा झाला, कपडे धुऊन झाले, पण घशाखाली एक थेंब कुणी घेतला नाही.

पावसाळा लांब होता. डबकं आटत चाललं होतं, आटेल तसं हिरवं होत होतं. पोरांना जुलाब लागले होते. सुबिराची नात तातू तर इतकी आजारी पडली, की हेरंबनं आपल्या हातानं तिच्यासाठी मीठ-साखरेचं पाणी कालवलं. तातू वाचली. तिची वाळकी बोटं आपल्या मनगटाभोवती होती, ते हेरंबला अजून जाणवायचं, आणि त्यानं त्याची झोप उडायची.

आणि उद्या संस्थेचा ट्रक येणार होता. ज्या गावात हापशाचं पाणी पीत नाहीत तिथला हापसा उचलायचा आणि पुढच्या गावाला न्यायचा, असा संस्थेचा नियम. डोंगरापलीकडचं गाव तर वाटच बघत बसलेलं. हापसा गेला, तर तातू परत डबक्यावर.

“पाणी वाईट आहे का?” हेरंब म्हणाला.

“मला काय ठाऊक. मी कुठे प्यायलोय.”

“तेच म्हणतोय मी. तुम्हीसुद्धा नाही प्यायलात.”

“नाही प्यायलो.”

“भूतबीत आहे का विहिरीत? कसला कोप झालाय का? असेल तर तसं सांगा. काय पूजा घालायची ती घालतो, बकरं कापायचं तर बकरं कापतो.”

“बकरं कापलंस तर आम्ही खाऊ,” म्झे म्हणाले. “त्याला कोण नाही म्हणेल.”

समोर उखळात बाजरी कांडणारी सुबिरा खुदकन हसली. शेजारी दोघं म्हातारे लाकडी पाटावरच्या खळग्यांत बिया टाकत खेळत होते, तेही हसले. हेरंबला मात्र हसू येत नव्हतं.

“म्झे, मी तुमचा शिष्य ना? मग असं का कोड्यात बोलता? सरळ सांगा.”

“त्यांना विचार.”

“विचारलं. सगळे म्हणतात, तुझी विहीर छान आहे.”

“मग बरोबर आहे. छानच आहे तुझी विहीर.”

...

हेरंबनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. झाकण करकर वाजवत फोडलं आणि घटाघटा अर्धी संपवली. शहरातून येताना तो बाटल्यांचे खोके घेऊन यायचा. परमुलखात आल्यापासूनची सवय, आता विचारसुद्धा करावा लागायचा नाही.

म्झे त्याच्याकडे बघत होते. बाटलीकडे बघत होते. मग त्यांनी पटाशी खाली ठेवली.

“सुबिरा, आंबील आहे का गं?”

“आहे की. आत्ताच केलीय.”

“आण. इंजिनिया दमलाय.”

हेरंब चटकन सावरून बसला.

त्याचं असं झालं होतं. पहिल्याच दिवशी म्झेंनी त्याला आंबील दिली होती. बाजरीचीच, आपल्याकडच्यासारखी, जराशी आंबट. पण देण्याआधी म्हातारबुवांनी स्वतः भोपळ्याची वाटी तोंडाला लावली, भला मोठा घोट घेतला, ओठ पुसले, आणि तीच वाटी पुढे केली. हेरंबला कसंसंच झालं. उष्टं! तेही पाहुण्याला! पोट बिघडलंय, असं सांगून त्यानं वेळ मारून नेली. मग दुसऱ्या घरीही तोच प्रकार, तिसऱ्या घरीही तोच. ज्या ज्या घरी गेला, त्या त्या घरी त्याचं पोट बिघडत गेलं.

कऱ्हाडला पोतनिसांच्या घरी असलं कधी चाललं नसतं. दुसऱ्याला द्यायचं ते आपण आधी चाखायचं नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं. पाहुण्याआधी पोरांपैकी कुणी पेला उचलला, तर आई नुसती डोळे वटारायची, तेवढं पुरायचं.

सुबिरानं आंबिलीचा तुंबा आणला, वाटी आणली आणि ती परत उखळाकडे वळली. म्झेंनी वाटी भरली. हेरंब मनातल्या मनात पोटदुखीची जुळवाजुळव करू लागला.

पण म्झेंनी घोट घेतला नाही.

भरलेली वाटी त्यांनी दोन्ही हातांत धरली, जरासे वाकले, आणि तशीच, ओठ न लावता, हेरंबपुढे केली.

मुसळ उखळात थांबलं. पाटावर खेळणाऱ्याची बी हातातच राहिली.

हेरंबचा मात्र जीव भांड्यात पडला. एवढ्या दिवसांनी का होईना, म्हाताऱ्याला रीत कळली! त्यानं आनंदानं वाटी घेतली, हसून मान लववली, आणि तोंडाला लावणार, एवढ्यात सुबिराचा पंजा आला. वाटी उडाली ती दूर शेळीपाशी जाऊन पडली. आंबील हेरंबच्या सदऱ्यावर.

“वेडा आहेस का रे?” सुबिरा म्हणाली. “न चाखता दिलेलं पितोस?”

“का? काय होतं त्यात?”

“आंबील होती. मीच केलीय.”

“मग?”

“मग हा का नाही प्यायला आधी?” तिनं म्झेंकडे बोट केलं. म्हातारा पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला होता, पण त्याचे खांदे हलत होते. “देणाऱ्यानं आधी प्यायचं. त्याला काही झालं नाही, की मग दुसऱ्यानं. आई पोराला देते तीसुद्धा आधी स्वतः पिऊन देते. तुझ्या आईनं एवढंही शिकवलं नाही तुला?”



हेरंबच्या आईनं बरंच काही शिकवलं होतं. नेमकं हे सोडून.

आता त्याला सगळं एकेक करून दिसायला लागलं. हापसा बसला त्या दिवशी त्यानं केवढा थाट केला होता! घरून आणलेले स्टीलचे पेले घासूनपुसून घेतले, हापसून हापसून भरले, आणि म्झेंपासून तातूपर्यंत प्रत्येकाला दोन्ही हातांनी, वाकून दिले. स्वतः थेंब चाखला नाही. घामानं निथळत होता, घसा कोरडा पडलेला, तरी नाही. आधी गाव, मग आपण. आणि सगळे पेले हातात घेऊन उभे. त्याच्याकडे बघत. बघत राहिलेले. त्याला वाटलं, भारावून गेलेत. मग ते एकेक जण बाजूला सरकले आणि पाणी गुपचूप गोरखचिंचेच्या मुळाशी ओतून आले. आणि तो काय करत होता तेव्हा? तो सावलीत जाऊन बाटली फोडून पीत होता.

तातूचं मीठ-साखरेचं पाणीसुद्धा त्यानं बाटलीतल्याच पाण्यात कालवलं होतं. खात्रीचं असावं म्हणून. आणि सुबिरानं ते पोरीला पाजायच्या आधी वाटीतून एक घोट घेतला, तेव्हा तो तिच्यावर खेकसला होता. औषध पोरीचं आहे, तुमचं नाही. असं म्हणाला होता तो. एका आजीला.

हेरंबचे कान तापले. जमीन दुभंगावी असं त्याला वाटलं, पण ती त्यानंच मशीन लावून पाहिली होती, इतकी सहज दुभंगणारी नव्हती.

“आम्ही आपापसात बोलायचो,” पाटावरचा एक म्हातारा म्हणाला, “हा बाटलीतलं एवढं चांगलं पाणी पितो, तरी ज्याच्या घरी जाईल तिथे याचं पोट बिघडलेलं. मग विहिरीतलं पिऊन काय होईल?”

“मग मला कुणी सांगितलं का नाही?” हेरंब म्हणाला. “म्झे, तुम्ही तरी सांगायचं. पोरं आजारी पडतायत. उद्या हापसा घेऊन जातील ते.”

“काय सांगायचं?”

“हेच. की आधी मी प्यायला हवं.”

“म्हणजे असं सांगायचं,” म्झे म्हणाले, “की इंजिनिया, एवढ्या लांबून येऊन, कातळ फोडून तू पाणी आणलंस, पण आम्हाला तुझा संशय येतो. तेव्हा आधी तू पिऊन दाखव. तुमच्या गावात असं म्हणतात का कुणाला तोंडावर?”

“नाही.”

“आमच्याही नाही म्हणत.”

...

हेरंब उठला. सदरा तसाच, आंबिलीचा. त्यानं बाटली तिथेच ठेवली आणि तो हापशाकडे चालू लागला. मागून मुसळ ठेवल्याचा आवाज आला. मग पाट उचलल्याचा. मग पावलांचा. त्यानं वळून पाहिलं नाही, पण सगळं गाव घराघरांतून निघून मागून येतंय, हे त्याला कळत होतं.

हापशाचा दांडा त्यानं वरखाली केला. पाणी आलं. तो तोटीखाली वाकला, ओंजळ धरली. पण एका हातानं हापसायचं आणि दोन हातांची ओंजळ धरायची, हे काही इंजिनिअरलाही जमत नाही. पाणी वाहून जायचं, ओंजळीत नुसता ओलावा.

तेव्हा सुबिरा पुढे आली आणि तिनं दांडा धरला. हापसायला लागली.

आता ती सुबिरा. तिच्या ताकदीनं पाणी असं उसळलं, की हेरंबच्या तोंडात गेलं, नाकात गेलं, सदऱ्यात गेलं. त्याला ठसका लागला. तो खोकला, शिंकला, डोळ्यांतून पाणी आलं, चेहरा लालबुंद झाला. सगळे चार पावलं मागे सरकले.

“काही नाही...” तो कसाबसा म्हणाला. “नाकात... नाकात गेलं.”

कुणी पुढे आलं नाही.

मग त्यानं परत ओंजळ धरली. या वेळी नीट प्यायला. गार होतं पाणी, कातळाची जराशी चव असलेलं, गोड. एवढे दिवस या पाण्यासाठी रक्ताचं पाणी केलं आणि त्याची चव आपल्याला माहीतच नव्हती, याचं त्याला फार वाईट वाटलं. आणि चव इतकी छान होती, की वाईट वाटता वाटताच तो आणखी प्याला.

“पुरे,” सुबिरा म्हणाली. “बस आता इथे.”

तो ओट्यावर बसला. सगळं गाव त्याच्याभोवती बसलं. आणि मग, कऱ्हाडच्या इंजिनिअरला पाणी पचतंय की नाही, हे बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. कुणी घाई केली नाही. पाट मांडला गेला, बिया पडू लागल्या. एका बाईनं त्याच्या डोळ्यांत वाकून पाहिलं. कुणीतरी विचारलं, पोट कसं आहे?

“उत्तम आहे,” हेरंब म्हणाला. “खरं सांगायचं तर कधी बिघडलंच नव्हतं.”

“कधीच नाही?”

“कधीच नाही. मी खोटं बोलत होतो. तुम्ही सगळ्यांनी प्रेमानं दिलेलं मी उष्टं म्हणून नाकारत होतो.”

ओट्याभोवती मोठा हशा पिकला. का, ते त्याला लगेच कळेना. मग म्झेंनी सांगितलं, की गावातल्या बाया त्याच्या पोटासाठी कडू मुळ्या शोधत रानात हिंडत होत्या. हेरंब हसायला लागला, आणि हसता हसताच त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते लपवले नाहीत.

ऊन कललं. हेरंब अजून जिवंत होता.

सुबिरा उठली. तिनं भोपळ्याची वाटी तोटीखाली धरली, भरली, एक घोट घेतला. तोंडात घोळवला. गिळला. सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं तातूला जवळ घेतलं आणि वाटी तिच्या तोंडाला लावली.

तातू प्याली. सगळी वाटी प्याली आणि आणखी मागितली.

मग काय विचारता. कॅन आले, मडकी आली, जुने डबे आले. जी ती बाई आधी स्वतः घोट घेत होती, मग नवऱ्याला देत होती, पोरांना देत होती, शेजारणीला देत होती. दुसऱ्या दिवशी ट्रक आला तेव्हा हापशाचा दांडा कुरकुरत होता, आणि त्याला विश्रांती म्हणून नव्हती. ट्रकवाल्यांनी रांग बघितली, हसले, आणि हापसा काढायचे पाने परत पेटीत टाकले. हेरंबलाच तेवढं त्यांच्याबरोबर जायचं होतं, डोंगरापलीकडच्या गावी, पुढच्या विहिरीसाठी.

निघायच्या आधी तो ओट्यापाशी आला. त्यानं काडीनं कोरलेलं नाव शोधलं. सुबिराचा कॅन नेमका त्यावर ठेवलेला होता. हलवावा का, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. मग त्यानं तो तसाच राहू दिला.

म्झे काठी टेकत आले. हातात हेरंबची कालची बाटली होती, झाडाखाली राहिलेली. आता रिकामी.

“येतो मी, म्झे,” हेरंब म्हणाला. वाकून त्यानं नमस्कार केला, कऱ्हाडच्या पद्धतीनं. “माझ्या विहिरीकडे जरा लक्ष ठेवा.”

म्झे हापशाकडे वळले.

ते रांगेत शिरले. सुबिरानं वाट दिली. त्यांनी बाटली तोटीखाली धरली आणि काठोकाठ भरली. मग परत येऊन, हेरंबसमोर उभे राहून, बाटली स्वतःच्या तोंडाला लावली. एक भला मोठा घोट घेतला. ओठ पुसले.

आणि बाटली त्याच्यापुढे धरली.

“घे. आमच्या विहिरीचं आहे.”